लोणी पांढरं की पिवळं, आणि पूर्वीची चव गेली कुठं?



गावात दुभत्या जनावरांविषयी बैठक घेतली की एक तक्रार हमखास ऐकू येते. म्हातारी माणसं म्हणतात, "पूर्वीचं लोणी आता राहिलं नाही." पोरांचं उलटंच असतं. त्यांना घरचं पांढरं लोणी नको, पुड्यातलं पिवळं, खारट लोणी हवं. या दोन्ही गोष्टींमागं कारणं आहेत. ती समजली तर घरातलं लोणी सुधारतं आणि चार पैसेही वाचतात.

आधी रंगाचं पाहू. हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन नावाचं पिवळं द्रव्य असतं. गाय त्यातलं बरंचसं जसंच्या तसं दुधात सोडते, म्हणून गाईचं लोणी पिवळसर. म्हैस त्याचं जवळजवळ सगळं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र. पांढरं म्हणजे निकस असं मुळीच नाही. बाजारच्या लोण्याचा पिवळा रंग बहुधा शेंद्रीच्या बियांपासून काढलेला असतो. तेव्हा रंगावरून लोण्याची पारख करू नये.

आता चवीचं. विरजणातले जंतू दूध आंबवतात तेव्हा आंबटपणाबरोबर डायअॅसिटिल नावाचं एक सुवासिक द्रव्यही तयार होतं. आपण ज्याला लोण्याचा वास म्हणतो तो मुख्यतः याचा. पूर्वी चुलीच्या मंद आरावर दूध तासन् तास तापायचं, जाड साय धरायची, मग मातीच्या मडक्यात विरजण लागायचं. मडकं पाझरतं, त्यामुळं आतलं दही थंड राहतं. दुसऱ्या दिवशी पहाटे घुसळखांबाला रवी बांधून ताक व्हायचं. म्हणजे साय शिळी होत नव्हती आणि विरजण रोजचं असायचं. म्हाताऱ्यांच्या जिभेवर राहिली आहे ती ही चव.

जिभेला लागलेली सवय किती बळकट असते याचं एक मोठं उदाहरण आहे. स्वातंत्र्याच्या आधीपासून मुंबईत पोल्सनचं लोणी नावाजलेलं होतं. ते आंबवलेल्या सायीचं आणि खारट असे. पुढं गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली आपला सहकारी दूध संघ काढला. १९५५ साली आणंदला त्यांची नवी डेअरी सुरू झाली आणि अमूल लोणी बाजारात आलं. हे लोणी ताज्या सायीचं. पण गिऱ्हाइकाला ते सपक वाटलं! डॉ. वर्गीस कुरियन यांनी आपल्या आठवणींत हे सांगितलं आहे. अखेर संघाला लोण्यात मीठ आणि लोण्याच्या वासाचं तेच डायअॅसिटिल घालावं लागलं, तेव्हा कुठं ते लोकांच्या पसंतीस उतरलं. आज आपल्या पोरांना हवं असतं ते खारट लोणी अशा रीतीनं रुळलेलं आहे. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. शंभर भाग लोण्याला दोन भाग बारीक मीठ घालून नीट मळून पाहा. घरचं लोणीही ती पोरं आवडीनं खातील.

मग पूर्वीची चव गेली कुठं? माझ्या पाहण्यात पहिलं कारण म्हणजे साय साठवण्याची पद्धत. हल्ली घरोघरी फ्रिज आहे. रोजची साय डब्यात टाकायची, दहा-बारा दिवसांनी डबा भरला की विरजण लावायचं आणि मिक्सरमध्ये फिरवायचं. थंडीतही वाढणारे काही जंतू असतात. ते या मुदतीत सायीला कडवट, खवट करतात. एकदा कडू झालेली साय विरजणानं गोड होत नाही. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या दिवशीच्या सायीत चमचाभर ताजं, गोड दही मिसळून ती काही तास बाहेर ठेवावी आणि मगच फ्रिजमध्ये ठेवावी. सायीला लवकर आंबटपणा आला की हे वाईट जंतू दबतात. तरीही चार दिवसांपेक्षा जास्त थांबू नये.

दुसरं कारण जनावराचं खाणं. कांद्याची पात, लसूणघास किंवा उग्र वासाचं तण धारेच्या आधी घातलं तर दुधाला वास लागतो आणि तो लोण्यापर्यंत जातो. अशी वैरण धार काढल्यावर घालावी. सरकी जास्त खाणाऱ्या जनावराचं लोणी घट्ट येतं, शेंगदाणा पेंडीवरचं मऊ. जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत महाराष्ट्राच्या कापूस पट्ट्यातल्या तुपासाठी वेगळं प्रमाण ठेवलं होतं, ते याच सरकीमुळं. तेव्हा वऱ्हाडातल्या आणि कोकणातल्या पाहुण्यानं लोण्यावरून भांडू नये. दोघांचंही खरं असतं.

घुसळताना सगळ्यात जास्त लक्ष तापमानाकडं द्यावं. उन्हाळ्यात दही कोमट असलं की लोणी पातळ पडतं, हाताला चिकटतं आणि बरीच स्निग्धता ताकात निघून जाते. म्हणून उन्हाळ्यात पहाटेच घुसळावं आणि माठातलं किंवा बर्फाचं पाणी घालावं. हिवाळ्यात उलट. लोणी जमत नसेल तर थोडं कोमट पाणी सोडावं, गरम नव्हे. कण ज्वारीच्या दाण्याएवढे दिसले की थांबावं. काही भगिनी मोठा गोळा होईपर्यंत घुसळत राहतात. त्यानं गोळ्यात ताक कोंडतं आणि लोणी दोन दिवसांत आंबतं. कण वर आले की ताक काढून टाकावं आणि थंड, स्वच्छ पाण्यानं लोणी दोन-तीन वेळा धुवावं. धुतलेलं पाणी नितळ दिसलं म्हणजे झालं.

आता हिशेबाचं. दहा लिटर म्हशीचं दूध आणि फॅट साडेसहा धरली, तर त्यात सुमारे ६७० ग्रॅम स्निग्धता असते. घरच्या घुसळणीत दहा-पंधरा टक्के ताकात जातेच. हाती सात-साडेसातशे ग्रॅम लोणी येतं आणि ते कढवून साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास तूप. दहा लिटरचे संघात किती मिळतात आणि तेवढ्या तुपाचे तुमच्या बाजारात किती, हे ताडून पाहा. सरपण किंवा गॅस, घरच्या बाईचे श्रम आणि घरात राहिलेलं ताक हेही धरा. श्रम फुकटचे समजून केलेला हिशेब नेहमी तुपाच्या बाजूनं झुकतो. माझं मत असं की रोजचं दूध संघाला घालावं, आणि संकलन बंद असेल किंवा सणासुदीला तुपाला भाव असेल तेव्हाच विकण्यासाठी तूप करावं. घरच्या खाण्यापुरतं मात्र लोणी जरूर काढावं.

तूप कढवताना आंच मंद ठेवावी. बुडबुड्यांचा आवाज थांबला आणि बेरी तांबूस झाली की लगेच उतरवावं. बेरी करपली तर तुपाला जळका वास येतो, आणि अर्धवट कढवलं तर आत पाणी राहून तूप लवकर खवट होतं. रवाळ तूप हवं असेल तर भांडं हलवू नये, सावकाश निवू द्यावं. म्हशीच्या तुपाचा रवा गाईच्या तुपापेक्षा मोठा पडतो. भरायची बरणी अगदी कोरडी असावी, आणि तूप काढायला ओला चमचा कुणी घालणार नाही एवढं घरात सांगून ठेवावं.