त्रिंबकजी डेंगळे : कोणाचा गुन्हेगार?

पिंपळगाव बसवंतजवळच्या आहेरगावात (ता. निफाड) 1818 मध्ये कॅप्टन स्वॉन्स्टनने त्रिंबकजी डेंगळे यांना पकडले, आणि एका परराज्याच्या वकिलाच्या खुनातून उभा राहिलेला तीन वर्षांचा तंटा तेथे मिटला. वकील म्हणजे त्या काळच्या मराठीत राजदूत. या तंट्यात खून कोणी केला यापेक्षा आरोपीला हात लावण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न अधिक मोलाचा होता. मराठी इतिहासलेखनात मात्र त्याची चर्चा फार थोडी झाली आहे.

बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पेशवे-गायकवाडांचे जुने हिशेब मिटवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या हमीवर, म्हणजे त्यांच्या जिवाची जबाबदारी इंग्रजांनी पत्करल्यावर, 1814 मध्ये पुण्यास आले. जुलै 1815 मध्ये पंढरपुरी असताना प्रकृतीचे कारण सांगूनही दर्शनाचा पुनःपुन्हा आग्रह झाल्याने ते रात्री मोजक्या निःशस्त्र माणसांनिशी विठोबाच्या देवळात गेले आणि परतीच्या वाटेवर मारले गेले.

गुन्हा पेशव्यांच्या मुलखात घडला होता, संशय ज्यांच्यावर होता ते त्रिंबकजी पेशव्यांचे कारभारी होते आणि मृत व्यक्ती गायकवाडांची होती. त्यामुळे प्रचलित रिवाजाप्रमाणे चौकशी पेशव्यांनी करावी व गायकवाडांनी दाद मागावी, हे सरळ होते. परंतु 1802 च्या वसईच्या तहाने पेशव्यांचा परराज्यांशी व्यवहार कंपनीच्या संमतीने बांधला गेला होता आणि गायकवाडांशी असलेल्या वादात कंपनी मध्यस्थ ठरली होती. त्या आधारावर कंपनीचा पुण्यातील रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्रिंबकजींच्या अटकेची मागणी केली. आधी चौकशी व्हावी, असे पेशवे दुसऱ्या बाजीरावांचे म्हणणे होते; तर आरोपी मोकळा असताना एकही साक्षीदार तोंड उघडणार नाही, असे एल्फिन्स्टनचे उत्तर होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, पण फौज एकाच बाजूच्या पाठीशी उभी होती.

राज्यक्षेत्रातीत अधिकार, म्हणजे परक्याच्या भूमीवर आपला कायदा चालवण्याची मुभा, पुढे इंग्रजांनी चीनमध्ये 1843 च्या तहाने मिळवला आणि तो 1943 पर्यंत टिकला. तेथे इंग्रज आरोपीवर इंग्रज अधिकाऱ्यांपुढेच खटला चाले. पुण्यात याहून पुढची गोष्ट घडली, कारण येथे आरोपीही परका नव्हता, तो पेशव्यांचाच माणूस होता.

सप्टेंबर 1815 मध्ये त्रिंबकजींना इंग्रजांच्या हवाली करून ठाण्याच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाण्यातून पळण्याचा बेत सांगे आणि मराठी न कळणाऱ्या पहारेकऱ्यांना ते नुसते गाणे वाटे, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी निसटले; त्यांना पकडून देण्याच्या तारणापोटी पुढच्या वर्षी सिंहगड, पुरंदर व रायगड इंग्रजांच्या हाती गेले. 13 जून 1817 च्या पुणे तहात तर त्रिंबकजीच खुनी आहेत, अशी खात्री पेशव्यांकडून लिहून घेण्यात आली. न्यायासनाने द्यावयाचा निवाडा अशा रीतीने तहाचे कलम बनला, आणि या प्रकरणातील सर्वांत गंभीर अन्याय हाच होय.

आहेरगावी सापडल्यावर त्रिंबकजींची रवानगी अखेर काशीजवळच्या चुनार किल्ल्यात झाली. 1824 मध्ये बिशप हेबर यांनी त्यांना तेथे पाहिले, तेव्हाही ते कैदेतच होते; खटला मात्र त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयात कधी चालला नाही.