बंदीचे दोन महिने: कोंबड्याही राहतील, परसात भाजीही होईल

मंडळी, १ जून ते ३१ जुलै गोव्यात ट्रॉलर बंद. मिळकत थांबते, पण भाजीचा खर्च थांबत नाही. म्हणून आम्ही सांगतो, पहिल्या पावसाबरोबर परसात भेंडी, दोडकी, काकडी लावा. कोंबड्या रोपं उकरतात, हे खरं. त्यावरचा उपाय आपल्याच घरात पडून आहे.

जुनं जाळं: फेकू नका. वाफ्याभोवती खुंट मारून ताणून बांधा, खालची कड मातीत पुरा. सैल राहिलं तर कोंबडीचे पाय अडकतात.

खत: ताजं कोंबडीखत उष्ण, रोपांची मुळं जाळतं. सुक्या पानांत मिसळून, पावसापासून झाकून कुजू द्या. जूनमध्ये रचलेला ढीग ऑक्टोबरात तांबड्या भाजीच्या वाफ्याला कामी येतो.

मासळी: ताजे मासे धुतलेलं पाणी झाडांना घाला. खाऱ्या मासळीचं मात्र नको, मिठानं माती बिघडते. माशांची आतडी कोंबड्यांना शिजवून, थोडीच द्या; जास्त झाली तर अंड्यांना वास मारतो.

ऑगस्टात ट्रॉलर पुन्हा दर्यात जातील तेव्हा घरची भेंडी ताटात असेल. तुमच्या वाफ्याचे फोटो आम्हाला जरूर पाठवा.