मुमुक्षा : सुटका हवी की भेट?

मागच्या वेळी पनवेलच्या याच सभागृहात एका ताईंनी विचारलं होतं, "सर, संसाराचा कंटाळा आला म्हणजे मुमुक्षा झाली का?" तिथूनच आज सुरुवात करू.

मुमुक्षा म्हणजे मुक्त होण्याची इच्छा. वेदान्तात विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मुमुक्षा अशी चार साधनं सांगितली आहेत. क्रम पाहा, मुमुक्षा शेवटी. कंटाळा काय, आपल्याला संध्याकाळच्या लोकलमध्येही येतो. सुट्टी मिळाली की जातो.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध अशी चार माणसं रंगवली. त्यांचा मुमुक्षू जगाला नावं ठेवत नाही, स्वतःचेच दोष मोजतो.

आता अडचण अशी, की तुकोबा मोक्ष नको म्हणतात, पुन्हा जन्म मागतात. हे भक्तीच्या भरातलं बोलणं, असं म्हणून आम्ही बरीच वर्षं वर्गात पुढे जात असू. ती चूक होती. चार मुक्तींपैकी सायुज्यतेत देव आणि भक्त वेगळे उरतच नाहीत. मग भेटायचं कुणी कुणाला? तुकोबांना बंधन नकोच आहे, पण भेटही सोडायची नाही.

पंढरपूरला महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे. संतांची चरणधूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागितली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. समोर चोखोबांची समाधी. त्यांना हयातीत मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांच्या अभंगांतली सुटकेची ओढ म्हणूनच जन्ममरणापुरती राहत नाही, गावाने घातलेल्या बंधनालाही ती जाब विचारते.

ताई, आता तुमच्या कंटाळ्याला काय नाव द्यायचं, ते तुम्हीच सांगा. पुढच्या वेळी ऐकू.