ते देह इथल्याच मातीचे

पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या धंद्यावर हजारो घरे चालतात. त्यांना ‘डमी’ हा शब्द नवा नाही. अपघात-चाचणीत माणसाच्या जागी बसवतात तो पुतळा म्हणजे डमी. प्रौढ पुरुषाचा नेहमी वापरला जाणारा डमी सुमारे ७८ किलोचा असतो. पोलादी बरगड्या, अ‍ॅल्युमिनियमची कवटी, त्यावर व्हिनाइलची कातडी आणि आत धक्का मोजणारी उपकरणे. चाचणीआधी त्याच्या चेहऱ्याला आणि गुडघ्यांना रंग फासतात. गाडी आदळल्यावर तो रंग एअरबॅगवर, डॅशबोर्डवर उमटतो आणि डोके नेमके कुठे लागले ते कळते. डिसेंबर २०२३ मध्ये ‘भारत एनकॅप’ या गाड्यांच्या सुरक्षा-मानांकनाचे पहिले निकाल आले. त्यात पिंपरी-चिंचवडमध्ये तयार होणारी टाटा हॅरियर होती. तिच्या पाच ताऱ्यांसाठी असल्याच पुतळ्यांनी धक्के सोसले.

या पुतळ्याचे जुने भाऊबंद परग्रहवासी समजले गेले होते. ती हकिकत सुरू होते जुलै १९४७ मध्ये. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉसवेलजवळ एका रानात रबराच्या पट्ट्या, चंदेरी कागद आणि काड्या सापडल्या. लष्कराने आधी ‘उडती तबकडी’ हाती लागल्याचे जाहीर केले आणि लगेच शब्द फिरवून हवामानाचा फुगा असल्याचे सांगितले. खरी गोष्ट १९९४ मध्ये बाहेर आली. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज उंच हवेत टिपण्यासाठी ‘मोगल’ नावाच्या गुप्त प्रकल्पात फुग्यांची माळ सोडली होती, तिचे ते अवशेष होते.

१९४७ च्या बातम्यांत परग्रहवासीयांच्या मृतदेहांचा उल्लेखच नाही. ते किस्से १९७८ नंतर, तीस वर्षांपूर्वीच्या आठवणी म्हणून पुढे आले. त्यांचा माग अमेरिकेच्या हवाई दलाने १९९७ च्या अहवालात काढला. जून १९५४ ते फेब्रुवारी १९५९ या काळात उंच जाणाऱ्या फुग्यांची ४३ उड्डाणे झाली आणि त्यांतून ६७ डमी नेले गेले. विमानातून उडी घेणारा वैमानिक जिवंत खाली कसा येईल, हे त्यातून शोधायचे होते. वाळवंटात पडलेल्या या पुतळ्यांची बोटे कधी तुटलेली असत. त्यांना स्ट्रेचरवरून, पिशव्यांत घालून उचलून नेत. लांबून पाहणाऱ्याला काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको. त्यात भर म्हणजे, १९५९ मध्ये फुग्याच्या अपघातात एका अधिकाऱ्याचे डोके विलक्षण सुजले आणि त्याला रॉसवेलच्याच लष्करी रुग्णालयात आणले होते. वर्षे जुळत नाहीत, असा आक्षेप या अहवालावर घेतला गेला. पण तीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत दोन-तीन घटना एकमेकींत मिसळतात, हे आपण आपल्याच घरात पाहतो.

ऑगस्ट १९९५ मध्ये ‘परग्रहवासीयाच्या शवविच्छेदना’ची कृष्णधवल फिल्म टीव्हीवर आली आणि जगभर गाजली. ती आणली होती लंडनच्या रे सँटिली यांनी. खरे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना ती पाहताक्षणी खटकली. सराईत हात कात्रीच्या कड्यांत अंगठा आणि अनामिका किंवा मधले बोट घालतो, तर्जनीने कात्रीचे पाते स्थिर ठेवतो. फिल्ममधला माणूस शिंप्यासारखी कात्री धरत होता. उताण्या पडलेल्या देहाचे मांस पाठीकडे ओघळते, तिथे ते ओघळलेच नव्हते. अवयव कशाला जोडलेले आहेत हे न पाहताच उचलून ठेवले जात होते. आपल्याकडे वायसीएमसारख्या रुग्णालयात साध्या अपघाती मृत्यूचाही पंचनामा होतो, देहावरची एकेक जखम मोजून लिहितात, कारण कळले नाही तर व्हिसेरा राखून ठेवतात. मानवजातीला सापडलेल्या पहिल्या परक्या जीवाची त्याहून कमी कदर कोणी केली असती का? २००६ मध्ये सँटिली यांनी चित्रीकरण नव्याने केल्याचे कबूल केले. हरवलेल्या मूळ फिल्मची ही ‘पुनर्बांधणी’ असल्याची पुस्ती मात्र जोडली. शिल्पकार जॉन हम्फ्रीज यांनी पुतळा घडवला होता. त्याच्या आत मेंढीचा मेंदू आणि कोंबडीची आतडी भरली होती. चित्रीकरण लंडनमधल्या एका फ्लॅटमध्ये झाले होते.

इथवर पुतळेच होते. यापुढे खऱ्या माणसांचेही देह येतात, म्हणून इथे थांबून बघायला हवे.

२००३ मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या ओसाड ला नोरिया गावात जेमतेम १५ सेंटिमीटरचा सांगाडा सापडला. बरगड्यांच्या बारा जोड्यांऐवजी दहाच, डोके लांबुळके. तो विकला गेला, स्पेनला पोहोचला आणि ‘परग्रहवासी’ म्हणून मिरवला. २०१८ मध्ये जनुकीय तपासणीने तो मानवी मुलीचा असल्याचे दाखवले आणि त्या संशोधकांनी हाडांच्या विकाराशी संबंधित जनुकीय बदल मांडले. त्याच वर्षी हाडांच्या अभ्यासकांनी त्यांना दुरुस्त केले: हा सुमारे पंधरा आठवड्यांचा मुलीचा गर्भ आहे, त्या वयात शेवटच्या बरगड्या तयारच झालेल्या नसतात, विकार मानायची गरज नाही. कोणा आईने कापडात गुंडाळून निरोप दिलेले लेकरू बाजारात उभे केले गेले होते.

२०१५ मध्ये मेक्सिको सिटीत गाजावाजा करून दाखवलेल्या ‘रॉसवेल स्लाइड’मध्येही तसेच. छायाचित्रातल्या अंधूक पाटीवरची अक्षरे संगणकाने स्पष्ट केली, तेव्हा ती दोन वर्षांच्या मुलाच्या ममीची, संग्रहालयातली पाटी निघाली. सप्टेंबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या संसदेत पेरूतल्या तीन बोटांच्या ‘देहां’चे प्रदर्शन झाले. त्यानंतर लिमा विमानतळावर तशाच बाहुल्या जप्त झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये न्यायवैद्यक पुरातत्त्वज्ञ फ्लाव्हियो एस्त्रादा यांनी निष्कर्ष सांगितला: त्या बाहुल्या म्हणजे प्राण्यांची हाडे, आधुनिक कृत्रिम गोंदाने जोडलेली.

आपल्या महाराष्ट्रातही या हकिकतीचे एक दुखरे पान आहे. जून २०१६ मध्ये नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात ‘हार्लेक्विन इक्थिओसिस’ हा आजार असलेली मुलगी जन्मली आणि दोन दिवसांत गेली. या आजारात एबीसीए-१२ या जनुकातल्या दोषामुळे त्वचेच्या वरच्या थराला लागणारी स्निग्ध द्रव्ये तिथे पोहोचत नाहीत. कातडी जाड चिलखतासारखी होऊन तडकते, पापण्या उलटतात, शरीरातले पाणी निघून जाते, संसर्ग शिरतो. आई-वडील दोघेही निरोगी वाहक असू शकतात आणि तसे असल्यास प्रत्येक गरोदरपणात चारांत एक इतकी शक्यता राहते. कुणाचे पाप नाही, ग्रहण नाही, शाप नाही. तज्ज्ञांच्या काळजीने काही मुले मोठीही झाली आहेत. पण देशात अशी बाळे जन्मली की ‘एलियन बेबी’ हा मथळा ठरलेला असतो. मेंदू आणि कवटी पूर्ण न घडलेल्या बाळांनाही हेच नाव मिळते.

परग्रहावर जीवन असेल का, हा प्रश्न मात्र खराच आहे आणि तो विचारणारी माणसे आपल्या पुण्यात होती. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली उंच हवेतले जीव शोधायला २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडले गेले. दुसऱ्या वेळी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. तिचा अभ्यास हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात झाला. २००९ मध्ये जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या, त्यांतल्या एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. तरीही हे जिवाणू पृथ्वीबाहेरूनच आले असे ठामपणे म्हणता येत नाही, असे इस्रोने तेव्हाच सांगून टाकले. रॉसवेलच्या फुग्यावरून लोकांनी देह उभे केले. इथे फुग्यातून खरे जीव हाती आले, तरी इस्रोने हूल उठवली नाही.

म्हणून एवढेच सांगणे. ‘एलियन’ म्हणून एखादा फोटो मोबाइलवर आला तर पुढे पाठवू नका. तो कोणाच्या तरी लेकराचा असण्याची शक्यता मोठी आहे. आणि घरात कोणी बाळाचा विचार करत असेल, तर डॉक्टरांना विचारून फॉलिक अ‍ॅसिड आधीपासूनच सुरू करा. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, बहुतेकींना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मेंदू आणि कवटी पूर्ण न घडण्यासारखे बरेच दोष टाळते.