शासकीय संगणक-खरेदी व सायबर सुरक्षा विधी, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघीय शासनाची खाती व अभिकरणे यांनी संगणक, आज्ञावल्या म्हणजेच सॉफ्टवेअर, आणि दूरसंदेशवहनाची साधने कशी विकत घ्यावीत व त्यांत साठविलेल्या माहितीचे रक्षण कसे करावे, हे ठरविणाऱ्या कायद्यांचा समूह. ही एकच संहिता नव्हे. १९६५ पासून निरनिराळ्या प्रसंगी संमत झालेले हे कायदे असून त्यांपैकी अनेक संरक्षण खात्याच्या वार्षिक प्राधिकार-विधेयकाचे भाग म्हणून मंजूर झाले. प्रारंभी खरेदी हा काटकसरीचा व सुरक्षा हा तांत्रिक प्रश्न मानला जाई आणि दोहोंसाठी स्वतंत्र कायदे केले जात. तथापि यंत्र किंवा आज्ञावली विकत घेताना जी जोखीम पत्करली जाते, ती नंतरच्या उपाययोजनांनी क्वचितच पूर्णपणे दूर होते, असा अनुभव आल्याने हे दोन प्रवाह २०१४ नंतर एकमेकांत मिसळत गेले.

महत्त्व : अमेरिकेचे संघीय शासन माहिती-तंत्रविद्येवर दरवर्षी १०० अब्ज डॉलरहून अधिक खर्च करते. काँग्रेसच्या वतीने शासकीय कारभाराची तपासणी करणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस या संस्थेच्या मते यांपैकी सुमारे ८० टक्के रक्कम अस्तित्वात असलेल्या प्रणाली चालू ठेवण्यावर व त्यांच्या देखभालीवर खर्ची पडते. या संस्थेने २०१९ मध्ये तपासलेल्या दहा महत्त्वाच्या जुन्या प्रणालींचे वय ८ ते ५१ वर्षे होते. खर्चापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा नागरिकाच्या पराधीनतेचा आहे. एखाद्या बँकेचा कारभार विश्वासार्ह वाटला नाही, तर ग्राहक दुसऱ्या बँकेत जाऊ शकतो. करदात्याला दुसरे प्राप्तिकर खाते निवडता येत नाही. शासन उत्पन्न, आजार, लष्करी सेवा, बोटांचे ठसे इत्यादींची माहिती कायद्याच्या बळावर मागते. ती सांभाळण्याची त्याची जबाबदारी त्यामुळे कोणत्याही व्यापारी संस्थेपेक्षा अधिक असते.

केंद्रित खरेदीचा कालखंड : १९६० च्या सुमारास संघीय खाती आपापल्या पसंतीने संगणक घेत असत व त्यांपैकी बरेचसे भाड्याने घेतलेले असत. या विस्कळीतपणाला आळा घालण्यासाठी टेक्ससचे प्रतिनिधी जॅक ब्रुक्स यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्यानुसार संगणक-खरेदीचा अधिकार जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या मध्यवर्ती अभिकरणाकडे एकवटला. तांत्रिक मानके ठरविण्याचे काम नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेकडे व धोरणविषयक देखरेख अर्थसंकल्प कार्यालयाकडे आली. खात्यांना खरेदी करावयाची असल्यास मध्यवर्ती अभिकरणाकडून अधिकार प्राप्त करून घ्यावा लागे.

मोठे संगणक मोजके होते, तोवर ही पद्धत उपयुक्त ठरली. पुढे लहान संगणकांचा प्रसार झाला, तेव्हा तिचे दोष दिसू लागले. मागणी, मंजुरी, निविदा आणि अयशस्वी पुरवठादारांच्या तक्रारींची सुनावणी यांत इतका काळ जाई की, हाती येणारे यंत्र तोपर्यंत जुने झालेले असे. सीनेटर विल्यम कोएन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली. त्यातून फेब्रुवारी १९९६ मध्ये जो कायदा झाला, त्याला कोएन व प्रतिनिधी विल्यम क्लिंगर यांच्या नावांवरून क्लिंगर–कोएन कायदा असे म्हणतात. त्याने ब्रुक्स कायदा रद्द केला, खरेदीचा अधिकार खात्यांकडे सोपविला आणि प्रत्येक प्रमुख खात्यात मुख्य माहिती अधिकारी हे पद निर्माण केले. संगणक-खरेदी ही केवळ सामानाची खरेदी नसून गुंतवणूक आहे आणि तिचे फलित मोजले पाहिजे, हे तत्त्व या कायद्याने प्रस्थापित केले. मात्र बहुतेक खात्यांत या अधिकाऱ्यास सल्ला देता येई. पैसा त्याच्या हाती नसे.

सुरक्षाविषयक प्रारंभीचे कायदे : गोपनीय लष्करी माहितीच्या रक्षणाची व्यवस्था आधीपासूनच होती. गोपनीय नसलेली, परंतु संवेदनशील अशी नागरी माहिती कोणी सांभाळावयाची, हा प्रश्न १९८० नंतर पुढे आला. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या आदेशाने या क्षेत्रातही नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या गुप्तवार्ता-संघटनेस महत्त्वाचे स्थान मिळाले. गुप्तहेर यंत्रणेने नागरी संगणकांवर देखरेख करावी, हे काँग्रेसमधील अनेकांना मान्य नव्हते. त्यामुळे १९८७ च्या संगणक सुरक्षा कायद्याने नागरी प्रणालींची मानके ठरविण्याचे काम नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सकडे दिले. ही संस्था १९८८ पासून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या नावाने ओळखली जाते. नागरी व राष्ट्रीय सुरक्षाविषयक प्रणाली यांची तेव्हा झालेली विभागणी पुढील कायद्यांतही कायम राहिली.

डिसेंबर २००२ मध्ये संमत झालेल्या ई-शासन कायद्याचा तिसरा भाग म्हणजे संघीय माहिती सुरक्षा व्यवस्थापन कायदा होय. त्याने प्रत्येक अभिकरणाच्या प्रमुखावर सुरक्षेची जबाबदारी टाकली, प्रणालींची यादी ठेवणे बंधनकारक केले आणि प्रत्येक अभिकरणाच्या सुरक्षेचे वार्षिक स्वतंत्र मूल्यमापन व्हावे अशी व्यवस्था केली. महानिरीक्षक असलेल्या अभिकरणांत हे काम त्याच्याकडे येते. व्यवहारात मात्र या कायद्याने कागदी पूर्ततेला उत्तेजन दिले, अशी टीका झाली. प्रणालीची तपासणी तीन वर्षांतून एकदा व्हावयाची आणि तिचा जाडजूड अहवाल फायलीत जावयाचा. घुसखोरांचे प्रयत्न मात्र रोज चालत.

२०१४ चे कायदे : १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी शासनाने सुरू केलेले हेल्थकेअर.गव्ह हे संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले. अनेक कंत्राटदारांना कामे वाटून दिली होती. परंतु सर्व भागांचा मेळ घालण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे स्पष्ट नव्हते. खरेदीतील या दोषाची जाहीर वाच्यता झाल्याने सुधारणेस गती मिळाली. डिसेंबर २०१४ मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी दोन कायद्यांवर स्वाक्षऱ्या झाल्या. १८ डिसेंबरच्या कायद्याने २००२ च्या सुरक्षा कायद्यात दुरुस्ती करून अखंड देखरेखीवर भर दिला आणि नागरी अभिकरणांवर बंधनकारक असे निदेश काढण्याचा अधिकार अंतर्गत सुरक्षा खात्याला दिला. १९ डिसेंबरच्या कायद्याने मुख्य माहिती अधिकाऱ्यास आपल्या खात्याच्या संगणकविषयक अंदाजपत्रकात व कंत्राटांच्या मंजुरीत निर्णायक स्थान दिले. प्रतिनिधी डॅरेल इसा व जेरी कॉनली हे या दुसऱ्या कायद्याचे पुरस्कर्ते होत. त्याच्या अंमलबजावणीबद्दल प्रतिनिधिगृहाच्या समितीने नोव्हेंबर २०१५ पासून खात्यांना शाळेतल्याप्रमाणे श्रेणी देण्याचा उपक्रम सुरू केला.

कर्मचारी कार्यालयातील घुसखोरी : जुनी साधने व शिथिल सुरक्षा यांची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१५ मध्ये उघडकीस आले. संघीय कर्मचाऱ्यांची दप्तरे सांभाळणाऱ्या ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट या अभिकरणातून सुमारे २ कोटी १५ लाख व्यक्तींची माहिती चोरीस गेली. त्यांपैकी १ कोटी ९७ लाख व्यक्तींनी पार्श्वभूमी-तपासणीसाठी अर्ज केले होते. उरलेल्यांत मुख्यतः त्यांच्या पती-पत्नींचा समावेश होता. या अर्जांत पूर्वीचे पत्ते, नातेवाईक, परदेशी परिचित, कर्जे, व्यसने, मानसिक उपचार यांचा तपशील असतो. सुमारे ५६ लाख व्यक्तींच्या बोटांचे ठसेही गेले. परवलीचा शब्द बदलता येतो. बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. म्हणून ही हानी कायमची आहे.

या घटनेची कारणे बोधप्रद आहेत. घुसखोरांनी एका कंत्राटदाराकडील प्रवेशाधिकार चोरून वापरले होते. काही प्रणाली इतक्या जुन्या होत्या की, त्यांतील माहिती कूटबद्ध करणे सहजशक्य नव्हते, असे अधिकाऱ्यांनी काँग्रेसपुढे सांगितले. अकरा प्रणाली वैध सुरक्षा-मान्यतेविना चालू असल्याचे महानिरीक्षकाने नोव्हेंबर २०१४ मध्येच कळविले होते व अशा प्रणाली बंद करण्याचा विचार व्हावा असे सुचविले होते. थोडक्यात, दोष कायद्याने नेमलेल्या निरीक्षकाला दिसला होता. परंतु तो दूर करण्यासाठी नवी प्रणाली घेणे आवश्यक होते आणि खरेदीची यंत्रणा त्या वेगाने चालत नव्हती. जुन्या प्रणाली बदलण्यासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र कायद्याने तंत्रविद्या आधुनिकीकरण निधी उभारण्यात आला. २०२१ मध्ये काँग्रेसने त्यात १ अब्ज डॉलरची भर घातली.

पुरवठादारांवरील निर्बंध : यानंतरच्या कायद्यांत ‘किती किंमतीला घ्यावे’ याबरोबरच ‘कोणाकडून घेऊ नये’ हा प्रश्न पुढे आला. सप्टेंबर २०१७ मध्ये अंतर्गत सुरक्षा खात्याने कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या आज्ञावल्या नागरी अभिकरणांतून काढून टाकण्याचा निदेश दिला व त्याच वर्षी काँग्रेसने ही बंदी कायद्यात समाविष्ट केली. ऑगस्ट २०१८ मध्ये संमत झालेल्या संरक्षण प्राधिकार कायद्याच्या ८८९ व्या कलमाने हुआवे, झेडटीई, हायटेरा, हिकव्हिजन व दाहुआ या पाच चिनी कंपन्यांच्या साधनांवर निर्बंध घातले. ते दोन टप्प्यांत अंमलात आले : ऑगस्ट २०१९ पासून शासनास अशी साधने घेता येईनात, ऑगस्ट २०२० पासून, ती साधने स्वतःच्या कारभारात महत्त्वाचा भाग म्हणून वापरणाऱ्या कंत्राटदारांशीही करार करता येईना. डिसेंबर २०१८ च्या आणखी एका कायद्याने पुरवठा-साखळीतील धोके तपासून विशिष्ट उत्पादने वगळण्याची शिफारस करणारी आंतरखातीय परिषद स्थापन केली. नागरी शासनाच्या सायबर संरक्षणासाठी सायबरसिक्युरिटी अँड इन्फ्रास्ट्रक्चर सिक्युरिटी एजन्सी ही संस्था नोव्हेंबर २०१८ मध्ये कायद्याने अस्तित्वात आली.

अशा निर्बंधांनाही मर्यादा आहेत, हे डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणाने दाखविले. सोलरविंड्स ही अमेरिकन कंपनी होय. घुसखोरांनी तिच्या ओरायन या आज्ञावलीच्या अधिकृत सुधारित आवृत्तीतच घातक भाग मिसळला. ही आवृत्ती सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि तिच्याद्वारे ९ संघीय अभिकरणांत व सुमारे १०० खासगी कंपन्यांत प्रत्यक्ष शिरकाव झाला. येथे विक्रेता विश्वासू होता, स्वाक्षरी खरी होती आणि सुधारित आवृत्ती तत्परतेने बसविण्याचा नियम पाळणारेच अधिक धोक्यात आले. आज्ञावली कोणी विकली याइतकेच ती कशी तयार झाली, हेही ग्राहकाने विचारले पाहिजे, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होता. १२ मे २०२१ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने त्या दिशेने पाऊल टाकले व आज्ञावलीच्या घटकांची यादी पुरविण्याची कल्पना शासकीय खरेदीत आणली. औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये छापावी लागतात, तसाच हा प्रकार आहे.

खरेदी हेच सुरक्षेचे साधन : डिसेंबर २०२० चा इंटरनेटशी जोडलेल्या उपकरणांविषयीचा कायदा या विचाराचे ठळक उदाहरण होय. २०१६ मध्ये मिराई या घातक आज्ञावलीने कॅमेरे व तत्सम असंख्य स्वस्त उपकरणे ताब्यात घेतली होती. त्यांचे परवलीचे शब्द कारखान्यातून आले तसेच ठेवलेले होते. काँग्रेसने उत्पादकांवर सरसकट बंधन घातले नाही. ठरावीक मानकांना न उतरणारे उपकरण संघीय शासनाने विकत घेऊ नये, एवढेच ठरविले. मोठा ग्राहक अडून बसला की उत्पादक आपोआप वळणावर येतील, अशी यामागील अपेक्षा आहे. क्लाउड संगणनाच्या सेवांची एकदा केलेली सुरक्षा-तपासणी इतर अभिकरणांनीही ग्राह्य मानावी, यासाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या फेडरॅम्प या योजनेला डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याचा आधार मिळाला. त्याच महिन्यातील दुसऱ्या एका कायद्याने, भावी क्वांटम संगणकांना उलगडता येतील अशा कूटलेखन पद्धती कोठे वापरात आहेत, याची नोंद ठेवण्यास अभिकरणांना सांगितले.

मूल्यमापन : या कायद्यांच्या इतिहासात अधिकारांचे केंद्रीकरण व विकेंद्रीकरण, त्याचप्रमाणे खरेदीतील वेग व दक्षता, यांची ओढाताण सतत दिसते. अटी वाढल्या की लहान पुरवठादार मागे पडतात आणि मोजक्याच मोठ्या कंपन्यांवर अवलंबून राहण्याचा नवा धोका उद्‌भवतो. कार्यकारी आदेश लवकर निघतो, पण तितक्याच लवकर बदलतो : विक्रेत्यांनी सुरक्षित निर्मितीचे पुरावे सादर करावेत, ही जानेवारी २०२५ च्या आदेशातील योजना पुढील राष्ट्राध्यक्षांनी जून २०२५ मध्ये वगळली. कायदा अधिक टिकाऊ असतो. परंतु तो बहुधा दुर्घटनेनंतर होतो व घडून गेलेल्या धोक्याला उत्तर देतो. गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसने माहिती-सुरक्षा हा विषय १९९७ मध्ये व संगणक-खरेदी हा २०१५ मध्ये मोठ्या जोखमीच्या विषयांच्या यादीत घातला. २०२५ च्या यादीतही हे दोन्ही विषय होते. कायद्यांची संख्या वाढल्याने सुरक्षा त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. जबाबदार अधिकारी कोण हे निश्चित असणे, त्याच्या हाती पैसा असणे आणि निरीक्षकाने दाखविलेला दोष ठरावीक मुदतीत दूर करणे बंधनकारक असणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच कायद्याचा हेतू साध्य होतो.