रस्ते चार, टायर एक!

मुलांनो, आधी एक कोडं घालतो. 'अंगभर बटणं, पण सदरा नाही. पोटभर हवा, पण फुगा नाही. दिवसभर चालतो, पण पाय नाही.' ओळखा पाहू! बरोब्बर, सायकलचा टायर. तोही साधासुधा नव्हे, तर डोंगरातल्या वाटांवर चालणाऱ्या जाड सायकलचा, म्हणजे माउंटन बाइकचा टायर.

'गुरुजी, टायरवर कसला लेख लिहिताय? टायर म्हणजे टायर!' असं तुम्ही म्हणाल. मीही अगदी असंच म्हणायचो. पण गेल्या वर्षी एक प्रसंग घडला आणि माझे डोळे उघडले.

चूक कोणाची?

आमचं गाव भोर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. माझी ताई गावातच दिलेली आहे. तिचा मुलगा नववीत शिकतो आणि रोज सायकलने हायस्कूलला जातो. त्याच्या वाटेवर सगळी गंमत आहे. आधी थोडं डांबर, मग मुरमाचा उतार, पुढे शेताच्या कडेची काळी माती आणि शेवटी ओढ्यातला कातळ. एकाच वाटेवर चार रस्ते!

त्याच्या सायकलचे टायर पार झिजले होते. 'मामा, तुम्ही आणाल का?' असं त्याने विचारलं. मी बाजारात गेलो आणि त्यातल्या त्यात स्वस्त, गुळगुळीत टायर घेऊन आलो. म्हटलं, गुळगुळीत टायर पळेल छान. वर माझ्या हाताने पंप मारमारून हवा भरली, अगदी साठ पौंड. अंगठ्याने दाबून पाहिलं, तर टायर दगडासारखा! 'आता बघ कशी पळते,' असं म्हणून मी त्याची पाठ थोपटली.

डांबरावर सायकल पळालीही. पण चौथ्याच दिवशी मुरमाच्या उतारावर वळताना पुढचं चाक सटकलं आणि पोरगं उजव्या हातावर पडलं. मनगटाचं हाड मोडलं, हात प्लॅस्टरमध्ये गेला. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली. पेपर लिहायला त्याला लेखनिक घ्यावा लागला.

मी भेटायला गेलो, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, 'मामा, चूक माझीच. मी जोरात होतो.' ताईही त्यालाच रागे भरत होती. पण मुलांनो, मला राहवेना. मी म्हणालो, 'नाही रे बाळा. तू थोडा जोरात असशील, पण टायर मी निवडला होता आणि हवाही मीच भरली होती.' ते ऐकून त्याने पहिल्यांदा मान वर केली.

हात बरा होईपर्यंत आम्ही मामा-भाचे टायरचा अभ्यास करत बसलो. त्यातून जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

थोडा इतिहास

पूर्वी सायकलच्या चाकांना भरीव रबराच्या पट्ट्या असत. दगडावरून गेलं की हाडं खिळखिळी व्हायची! हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतलं होतं, पण तेव्हा सायकलींचा जमाना नव्हता आणि लोक ते विसरून गेले. पुढे बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर बनवलं आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे आज जगभर चालणारी ही वस्तू रुळली ती एका बापाने आपल्या मुलासाठी केलेल्या खटपटीतून!

डोंगरातली सायकल मात्र बरीच अलीकडची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. १९७६ पासून त्यांनी एका उतारावर शर्यतीच भरवल्या. त्या शर्यतीचं नाव 'रीपॅक'. उतरताना ब्रेक इतके तापायचे, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. 'पुन्हा भरणे' म्हणजे रीपॅक! त्याच मंडळींनी पुढे खास डोंगरासाठी सायकली बनवल्या आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

बटणांची भाषा

आता टायर हातात घ्या आणि त्याची नक्षी नीट न्याहाळा. मधे एक पट्टा दिसेल आणि दोन्ही कडांना बटणांच्या रांगा. मधला पट्टा सरळ पळण्यासाठी असतो. कडेची बटणं एरवी स्वस्थ बसतात. वळताना सायकल कलली, की ती जमिनीत रुततात आणि चाकाला धरून ठेवतात.

माझ्या गुळगुळीत टायरला कडेची बटणंच नव्हती. मुरमावरचे सुटे खडे छऱ्यांसारखे गरगर फिरतात. त्यात रुतायला काहीच नाही, मग चाक सटकणार नाही तर काय होणार?

'मग सगळ्यात मोठ्या बटणांचा टायर घेऊ या!' माझा भाचा म्हणाला. थांबा, तेही बरोबर नाही. खूप उंच आणि लांबलांब बटणांचा टायर चिखलासाठी छान. जागा मोकळी असल्याने चिखल आपोआप झडतो. पण तोच टायर डांबरावर घर्रर्र आवाज करतो, जड चालतो आणि बटणं लवकर झिजतात. कातळावर तर उंच बटणं लवतात आणि पकड डळमळते.

म्हणून आपल्याला हवा मधला मार्ग. सर्व वाटांसाठी एकच टायर घ्यायचा, तर हे बघा : मधली बटणं बुटकी आणि जवळजवळ हवीत. त्यांची पुढची कड थोडी उतरती असेल तर टायर हलका पळतो. कडेची बटणं मात्र ठसठशीत, थोडी उंच आणि मोकळी हवीत. रुंदी साधारण २.० ते २.२५ इंच असावी. असा टायर कुठल्याच रस्त्यावर पहिला नंबर काढणार नाही, पण सगळ्या विषयांत पास होईल!

वहीत बरोबर, चाकावर चूक

आता गणिताचा तास. १.७५ आणि १¾ हे दोन आकडे सारखे की वेगळे? 'सारखे!' असं तुम्ही म्हणाल आणि मी वहीत बरोबरची खूणही करीन. पण सायकलच्या दुकानात हे उत्तर चूक ठरतं! २६ × १.७५ चा टायर २६ × १¾ च्या चाकावर बसत नाही. दोन्हींचं नाव २६ इंची, पण पहिला ज्या रिंगवर बसतो तिचा व्यास ५५९ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५७१. आहे की नाही गंमत?

म्हणून टायरच्या भिंतीवरचा दुसरा आकडा शोधा. ५४-५५९ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिंगचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुन्या टायरशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. २७.५ इंचीला तो ५८४ असतो आणि २९ इंचीला ६२२. तो आकडा वहीत लिहूनच दुकानात जा.

रुंदीत थोडा फरक चालतो. पण टायर आणि फ्रेम, टायर आणि चिमटा यांच्यामध्ये निदान बोटभर फट राहिली पाहिजे. आपली काळी माती भिजली की फुगते आणि गुळासारखी चिकटते. फट कमी असेल तर चाक जागच्या जागी जाम!

हवा किती भरायची?

मुलांनो, माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. हिशेब करून बघू. भाच्याचं वजन ४५ किलो, सायकलचं १५. एकूण ६० किलो, म्हणजे सुमारे १३२ पौंड. टायरमध्ये साठ पौंड हवा म्हणजे दर चौरस इंचाला साठ पौंड दाब. १३२ ला ६० ने भागा. उत्तर आलं २.२ चौरस इंच. दोन्ही चाकं मिळून जमिनीला एवढीच टेकली होती! तीच हवा तीस पौंड असती, तर ४.४ चौरस इंच, म्हणजे दुप्पट जागा टेकली असती. (टायरची भिंतही थोडा भार उचलते, म्हणून हा हिशेब ढोबळ समजा.) शिवाय दगडासारखा टायर खड्ड्याखड्ड्यावर उडतो, आणि उडालेलं चाक वळणार कसं?

मग हवा अगदीच कमी करावी का? तेही नको. धारदार दगडावर आपटलं की ट्यूब रिंग आणि दगड यांच्यात चेपते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. टायरच्या भिंतीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवेचे आकडे छापलेले असतात. तुमच्यासारख्या हलक्या मुलांनी मातीच्या वाटेवर खालच्या आकड्याच्या जवळपास राहावं. तीस पौंडांपासून सुरुवात करा आणि दोन-दोन पौंडांनी बदलून बघा. अंगठ्यावर विश्वास ठेवू नका. गेज असलेला पंप वापरा. पेट्रोल पंपावरच्या यंत्राने एका क्षणात जास्त हवा जाते, म्हणून तिथे फार जपून.

करून पाहा : सायकलचं चाक ओलं करा. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा, कुणाला तरी सायकल धरायला सांगून तुम्ही वर बसा. कागदावर टायरचा ओला ठसा उमटेल. हवा दहा पौंड कमी करून पुन्हा ठसा घ्या. कुठला मोठा, ते स्वतःच मोजा!

नवा टायर पुढे की मागे?

मागच्या चाकावर वजन जास्त आणि पायडलचा जोरही तिथेच, म्हणून तो टायर आधी झिजतो. मग नवा टायर मागेच घालावा असं वाटतं. पण मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं घसरलं तर माणूस पडतोच. म्हणून एकच टायर घ्यायचे पैसे असतील, तर नवा पुढे घाला आणि पुढचा जरा बरा टायर मागे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघूनच बसवा. आणि हो, ब्रेक दाबून मागचं चाक फरफटवायची फुशारकी मारू नका. त्यात बटणं झिजतात आणि वाटही खराब होते.

आपल्याकडे आणखी दोन शत्रू आहेत, बाभळीचा काटा आणि सराटा. पंक्चर झालं की नुसती ट्यूब बदलू नका. कापसाचा बोळा टायरच्या आतून हळूच फिरवा. काटा राहिला असेल तर कापूस तिथेच अडकेल.

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकहो, फार महाग टायर घेण्याची गरज नाही. घडी घालता येणारा टायर हलका असतो. तारेची कड असलेला साधा टायर शाळकरी मुलांना उत्तम पुरतो. 'टी.पी.आय.' म्हणजे एका इंचात किती धागे. तीसच्या आसपास असेल तर टायर जाडजूड आणि दणकट, एकशेवीसचा लवचीक पण नाजूक. साठच्या आसपासचा मधला. बटणांच्या कडा गोल झाल्या, भिंतीला चिरा पडल्या किंवा धागे दिसू लागले, की टायर बदला. आणि मूल पडलं, तर रागावण्याआधी एकदा सायकलकडे बघा. डोक्यावर हेल्मेट मात्र हवंच.

आणि मग…

प्लॅस्टर निघाल्यावर आम्ही दोघं मिळून बाजारात गेलो. या वेळी वही भाच्याच्या हातात होती. त्याने आकडा जुळवला, कडेची बटणं बोटाने दाबून पाहिली, फटही मोजली. घरी येऊन गेज लावून तीस पौंड हवा भरली. मी नुसता शेजारी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुरमाच्या उताराच्या खाली जाऊन थांबलो. खरं सांगतो, छातीत धडधडत होतं. तो आला, बेताच्या वेगात वळला आणि चाक जमिनीला धरून राहिलं. पुढे ओढ्यातल्या शेवाळलेल्या ओल्या कातळापाशी तो चक्क उतरला आणि सायकल हाताने ढकलत पलीकडे गेला.

'का रे, टायर तर नवा आहे!' मी ओरडून विचारलं.

तो हसून म्हणाला, 'मामा, सर्व रस्त्यांचा टायर म्हणजे शेवाळाचा टायर नव्हे!'

मुलांनो, त्या दिवशी गुरुजी कोण आणि विद्यार्थी कोण, ते तुम्हीच ठरवा. आणि हा अंक बाजूला ठेवलात की आधी आपल्या सायकलपाशी जा, टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचा बरं!