चेहरा गप्प झाला तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कंपवात म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो थरथरणारा हात. नावातच कंप आहे, तेव्हा तसे वाटणे साहजिकच. पण माझ्या यजमानांना हा आजार अकरा वर्षे होता आणि त्यांचा हात फारसा कापलाच नाही. काही रुग्णांत कंप नसतो, किंवा अगदी थोडा असतो. हालचाली मंदावणे आणि अंग ताठरणे हेच मुख्य असते. ह्यांच्या बाबतीत आधी गप्प झाला तो चेहरा. आज मी त्याविषयीच बोलणार आहे. कापणारा हात पाहून लोक आपण होऊन मदतीला येतात. न हसणारा चेहरा पाहून ते उठून जातात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 1817 साली या आजारावर एक छोटासा निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांची वर्णने आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातले काही त्याने रस्त्यातच पाहिले होते. आजार बाहेरून इतका दिसतो! कारण मात्र खोल मेंदूत असते. तिथे एका काळसर पट्ट्यातल्या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. या पेशी हळूहळू मरत जातात, आणि लक्षणे नजरेत भरेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. डोपामिन कमी पडले की जी कामे शरीर न सांगता करत असते तीच आधी अडतात. चालताना हात हलणे, पापण्या लवणे, तोंडातली लाळ गिळणे. आणि आपसूक येणारे हसू.

हे सातारच्या एस.टी. डेपोत हिशेबनीस होते. किर्द-खतावणीत हयात गेली. अक्षर असे, की वहीचे पान बघत राहावे. निवृत्तीनंतर ते अक्षर बारीक होऊ लागले. ओळीच्या सुरुवातीला ठीक, शेवटी मुंगीएवढे. दूध उतू जाऊन करपले तरी वास येईना. ही दोन्ही याच आजाराची लक्षणे, असे 2008 साली निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले.

पुढे पेन्शनच्या बँकेत सही जुळेना. खिडकीतला तरुण ‘आजोबा, नीट करा’ म्हणून स्लिप परत करी. तिसऱ्या वेळी त्याने शाईचे पॅड पुढे सरकवले. ज्यांनी नोकरीभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, त्यांनी अंगठा उठवला. चेहऱ्यावर काही नाही. त्या मुलाला वाटले असेल, म्हाताऱ्याला कशाचे काही नाही. परतताना रिक्षात मात्र ते तो अंगठा विजारीला पुसत राहिले, घर येईपर्यंत.

आता तुम्ही म्हणाल, चेहऱ्याचे स्नायू लुळे पडतात का? नाही. अर्धांगवायूसारखा हा प्रकार नव्हे. मुद्दाम केलेले हसू आणि आपसूक आलेले हसू यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या आहेत, आणि कंपवातात दुसरी वाट अधिक बिघडते. हे मला पुस्तकाआधी आमच्या नातवाने दाखवले. तो विनोद सांगायचा; आजोबा दगडासारखे बसलेले. मग म्हणायचा, ‘आजोबा, आता हसा!’ आणि आजोबा हसायचे, फोटोला हसावे तसे. पोर खूश. पण मी जवळ बसले असले की मला दिसे, विनोद ऐकतानाच त्यांचे पोट हलून गेलेले असे. हसू वेळेवर आलेले असायचे, फक्त वरपर्यंत पोचत नसे.

मग आम्ही खुणा ठरवल्या. भाजी आवडली की ताटाच्या कडेवर बोट दोनदा वाजवायचे. पाहुणे पुरे झाले की चष्मा काढायचा. (ही खूण एका आत्याबाईंच्या लक्षात आली आणि त्या आमच्यावर वर्षभर रुसल्या, ते असो.) आवाजही बारीक झाला होता. यातली अडचण अशी, की रुग्णाला स्वतःचा आवाज नेहमीइतकाच वाटतो, आणि ‘मोठ्याने बोला’ म्हटले की आपल्यावर ओरडतात असे वाटते. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी रोज वर्तमानपत्राचा मथळा पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल असा वाचायला लावला. त्याचा उपयोग झाला.

औषधाचे थोडक्यात सांगते. लेव्होडोपा हे औषध 1960 च्या दशकाच्या शेवटी वापरात आले, आणि आजही मुख्य आधार त्याचाच आहे. मेंदूत जाऊन त्याचे डोपामिन होते. पण प्रथिने त्याच वाटेने जात असल्याने दोघांची गर्दी होते. म्हणून डॉक्टरांना विचारून आम्ही गोळी जेवणाआधी अर्धा तास ठेवली आणि वरण, उसळ रात्रीवर ढकलली. गोळी ‘चढली’ की ह्यांची पापणीही लवू लागे. ‘उतरली’ की पुन्हा मुखवटा. हे औषध मनाने अचानक बंद करू नये, त्याने जिवावर बेतू शकते.

दाराच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटत. त्यावर ताल हा चांगला इलाज आहे. हे पूर्वी भजनात टाळ वाजवत. मी चुटक्या वाजवून ठेका धरला की पाऊल सुटायचे. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या तरी चालते. ओलांडायला काहीतरी समोर लागते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. चेहरा गप्प आहे म्हणजे माणूस खिन्न आहे असे नव्हे, हे खरे. पण या आजारात नैराश्यही पुष्कळांना येते, आणि ते आजाराचाच भाग असू शकते. चेहऱ्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही. विचारावे लागते, आणि उत्तराला वेळ द्यावा लागतो. आम्ही विचारले, डॉक्टरांनी औषध दिले, आणि ती वर्षे सुसह्य झाली.

उत्तराला वेळ देणे फार थोड्यांना जमले. बरेच जण प्रश्न ह्यांना विचारत आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघत. डेपोतले एक सहकारी मात्र दर गुरुवारी येत. प्रश्न विचारून गप्प बसत. मिनिटभर, कधी दोन मिनिटे. मी तेवढ्यात चहा टाकायला आत जाई.

हे 2019 च्या श्रावणात गेले. ते गृहस्थ अजून गुरुवारी येतात. डेपोच्या गोष्टी निघतात, आणि ह्यांनी तेव्हा काय काय उत्तरे दिली होती तेही ते सांगतात. त्यातली निम्मी मी कधी ऐकलीच नव्हती.